शर्यतीच्या छकड्याचे कूळ

पंढरपुराहून टेंभुर्णीकडे जाणाऱ्या वाटेवर करकंब हे गाव लागते. तेथील एका शेतकऱ्याच्या गोठ्यात आढ्याला दोरांनी टांगून ठेवलेला एक जुना शर्यतीचा छकडा पाहण्याचा योग आम्हांस मध्यंतरी आला. छकड्याचे धनी हे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. त्यांनी छकडा खाली उतरवून अंगणात मांडला, धूळ झटकली आणि आम्हांस बसावयास घोंगडी देऊन म्हणाले, “गुरुजी, ह्यो छकडा शिवाजी म्हाराजांच्या येळचा हाय. येवढं कागदावर लिवून द्या, म्हंजे झालं.”

एवढे लिहून देणे आम्हांस त्या दिवशी जमले नाही. कारण पोथीचा काळ ठरविण्याची जी साधने आमच्या हाती असतात, त्यांपैकी एकही त्या छकड्यास लागू पडेना. पोथीस पुष्पिका असते. तीत शक, संवत्सर, लेखकाचे नाव, कोणासाठी लिहिली ते, एवढे बहुधा सापडते. पुष्पिका नसली तर कागद, शाई, अक्षराचे वळण, काना-मात्रेची पद्धत यांवरून पन्नास-शंभर वर्षांच्या आतबाहेर अनुमान बांधता येते. छकड्यास पुष्पिका नाही. शिवाय पोथीचे पान फाटले तर ते फाटकेच राहते. छकड्याचे चाक मोडले तर सुतार दुसरे बसवितो आणि छकडा तोच राहतो. आमच्यापुढील छकड्याचीही तीच गत होती. चाकांचे तुंबे व आरे जुन्या बाभळीचे, हाताळून काळे पडलेले. लोखंडी धाव लोहाराने ऐरणीवर जोडलेली. पण वरची साटी उघडच अलीकडची, आणि ती आसाला ज्या दोन ठिकाणी धरली होती तेथे कारखान्यात आटे पाडलेले बोल्ट होते. जू तिसऱ्याच काळाचे. म्हणजे एकाच ग्रंथात तीन हातांची अक्षरे, असा हा प्रकार.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत ‘स्टॉक कार’ या नावाने मोटारींच्या ज्या शर्यती चालतात, त्यांचे मूळ तत्त्व असे की शर्यतीसाठी मुद्दाम घडविलेली गाडी आणावयाची नाही. दुकानात कोणासही विकत मिळते तीच गाडी पळवावयाची. या शर्यतींचे नियमन करणारी नॅसकार ही संस्था १९४८ साली स्थापन झाली, आणि तिने १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे निव्वळ विकाऊ गाड्यांची पहिली शर्यत भरविली. तीत ग्लेन डनवे याची फोर्ड पहिली आली; परंतु तपासणीत तिच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला आढळला. चोरटी दारू वाहणारे लोक पळ काढताना गाडी स्थिर राहावी म्हणून असाच फेरफार करीत. त्यामुळे डनवेची गाडी बाद होऊन जिम रोपर याच्या लिंकन गाडीस जय मिळाला. या हकीगतीतील मर्म असे की शर्यतीचे वाहन आणि रोजच्या कामाचे वाहन यांच्यामधली रेषा पहिल्याच दिवशी पुसट झाली होती. अशा गाड्या शर्यत संपल्यावर पुन्हा कामास लागत, मोडत, भंगारात जात. म्हणून आज त्यांतील एखादी खरी गाडी ओळखून काढणे संग्राहकांस जड जाते. १९५१ व १९५३ सालांचा विजेता हर्ब थॉमस याची हडसन हॉर्नेट गाडी मिशिगन प्रांतातील इप्सिलँटी येथील संग्रहालयात जतन केली आहे, आणि तेथे लोक ती भक्तिभावाने पाहतात. आपल्याकडील छकडा हा याच अर्थाने ‘स्टॉक’ वाहन होय. खत वाहणारी, ऊस वाहणारी गाडी हलकी करून, साटी काढून, दांड्या छाटून तिचाच शर्यतीचा छकडा होतो. फरक इतकाच, की आपण एकही छकडा संग्रहालयात ठेवलेला आमच्या पाहण्यात नाही.

असो. वस्तू मुकी असेल तर शब्दांकडे जावे, हा आमचा जुना परिपाठ. छकडा हा शब्द संस्कृत ‘शकट’ शब्दाचे रूप होय, हे वाचकांस सांगावयास नको. आरंभीच्या ‘श’काराचा ‘छ’कार होण्यास ‘शाव’ आणि ‘छावा’ ही जोडी साक्ष आहे. शकट म्हणजे ओझ्याची गाडी. वैदिक भाषेत तिला ‘अनस्’ असेही म्हणतात, व घोडे जोडलेल्या ‘रथा’हून ती वेगळी मानतात. शर्यतीसाठी रथ आणि ओझ्यासाठी अनस्, अशी विभागणी सामान्यतः दिसते. पण या विभागणीस एक प्रसिद्ध अपवाद आहे, आणि शर्यतीच्या बैलगाडीचा इतिहास सांगणारे बहुतेक लोक हल्ली त्याच अपवादाचा आधार घेतात. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे प्राप्त आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकशे दुसरे सूक्त बारा ऋचांचे आहे. ऋषी मुद्गल भार्म्यश्व. देवता द्रुघण किंवा इंद्र, असा अनुक्रमणीचा विकल्प. द्रु म्हणजे लाकूड आणि घन म्हणजे घण. मराठीतील लोहाराचा घण हाच शब्द. सूक्ताचा आशय थोडक्यात असा. मुद्गलाजवळ एकच बैल होता. जुवाची दुसरी बाजू मोकळी राहू नये म्हणून तेथे लाकडाचा घण वादीने बांधला, आणि त्या विचित्र जोडीने गाडी हाकली. सारथ्यास मुद्गलाची स्त्री मुद्गलानी बसली. वाऱ्याने तिचे वस्त्र उडत होते. हातात अष्ट्रा म्हणजे पराणी होती. मुद्गलाने शेकडो-हजारो गाई जिंकल्या. आणि नवव्या ऋचेत कवी बोट दाखवून सांगतो की बैलाचा तो जोडीदार, तो घण, धावमार्गाच्या मध्यभागी पडलेला पाहा. धावमार्गास तेथे ‘काष्ठा’ हा शब्द आहे. जिंकलेल्या वाहनाचा एक भाग शर्यतीनंतर लोकांस दाखविला जात आहे, अशी ही ऋचा वाचताना आम्हांस करकंबच्या अंगणात मांडलेल्या छकड्याची आठवण झाली, हे कबूल केले पाहिजे.

परंतु ही शर्यत होती की गाई सोडविण्याचा हल्ला होता, याविषयी प्राचीनांतही एकवाक्यता नाही. यास्काने निरुक्ताच्या नवव्या अध्यायात या सूक्ताची कथा दिली आहे. तीत संग्राम हा शब्दही आहे आणि आजि म्हणजे शर्यत हाही आहे. सायणाचार्य चोरांची कथा सांगतात: चोरांनी मुद्गलाच्या गाई नेल्या, म्हातारा बैल तेवढा मागे राहिला, त्यालाच जुंपून त्याने पाठलाग केला. पाश्चात्त्य पंडितांत गेल्डनर यांनी शर्यतीचा पक्ष घेतला. पार्गिटर यांनी १९१० साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या दांपत्याविषयी स्वतंत्र निबंध लिहिला. आणि ब्रेरेटन यांनी २००२ साली अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात पुन्हा शर्यत म्हणूनच या सूक्ताचा अर्थ लावला. आमचे मत शर्यतीकडे झुकते. ‘काष्ठा’ हा शब्द धावपट्टीचा आहे, आणि चोरांच्या पाठलागावर जाणारा मनुष्य जुवास लाकूड बांधून बायकोस सारथ्यास बसवील, हे मनास पटत नाही. शर्यतीत मात्र ही गोष्ट शोभते. किंबहुना हसे होण्याच्या वाहनाने जय मिळविला, यातच सूक्ताची गोडी आहे.

मग एवढ्यावरून महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यत वेदकालीन ठरते काय? आमचे उत्तर नाही असे आहे. या सूक्ताचा देश सप्तसिंधूचा, काल सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. तेथून भीमेच्या काठापर्यंत अखंड परंपरा दाखविणारी मधली एकही कडी कोणी पुढे मांडलेली नाही. ज्या हस्तलिखिताची आदर्शप्रत व प्रत यांमधली सर्व हस्तलिखिते हरवली आहेत, त्याचा वंशवृक्ष आपण काढीत नाही. येथेही काढू नये.

मधल्या काळातील काही सुटी पाने मात्र सापडतात, ती येथे नोंदवून ठेवतो. ऐतरेय ब्राह्मणाच्या चौथ्या पंचिकेत देवांची शर्यत आहे. तीत अग्नी खेचरांच्या रथाने, उषा तांबड्या बैलांच्या रथाने, इंद्र घोड्यांच्या रथाने धावला, आणि जिंकले ते अश्विनीकुमार, गाढवांच्या रथाने. वाजपेय यज्ञात सतरा रथांची शर्यत विहित आहे, पण ती घोड्यांची, आणि तीत यजमान जिंकणार हे आधीच ठरलेले. तिचा आपल्या विषयाशी संबंध थोडा. कौटिल्याने गोऽध्यक्षाच्या प्रकरणात चालीने उत्तम घोड्याची बरोबरी करणाऱ्या, वेसण घातलेल्या बैलांचा शिधा स्वतंत्र सांगितला आहे: अर्धा भार हिरवा चारा, त्याच्या दुप्पट साधे गवत, एक तुला पेंड, पाच पले मीठ, शिवाय नाकात घालावयास तेल. ज्याने खिल्लारी बैल शर्यतीसाठी पोसलेला पाहिला आहे, त्यास ही यादी परकी वाटणार नाही. त्याच प्रकरणात कळपातील बैलांची झुंज लावणाऱ्यास दंडही सांगितला आहे, हे ध्यानात ठेवावे. चौथे पान परदेशी आहे. एलियन या रोमन ग्रंथकाराने ग्रीक भाषेत लिहिलेल्या प्राणिवर्णनाच्या पंधराव्या भागात हिंदुस्थानातील वेगवान बैलांची हकीगत दिली आहे. राजा व सरदार सोन्यारुप्याच्या पैजा लावतात, बैल घोड्यांबरोबर जुंपून पळवितात, आणि धाव तीस स्टेडियमची, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटरची असते, असे तो म्हणतो. एलियन स्वतः हिंदुस्थानात आला नव्हता. त्याने जुन्या लेखकांचे ऐकीव लिहिले आहे. तरीही सांगली-कोल्हापूर भागात घोडा व बैल एकाच जुवाखाली जुंपून पळविण्याची जी चाल होती, ती पाहिलेल्यास ही नोंद सहज झिडकारता येत नाही. आणि सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिर तव्हेर्निए लिहितो की सुरतेहून निघणाऱ्या प्रवासी गाड्यांचे काही बैल साठ-साठ दिवस, रोज बारा ते पंधरा कोस, सतत दुडक्या चालीने जातात. म्हणजे पळणारा बैल आणि बसावयाची हलकी गाडी ही निदान गुजरातेत तेव्हा रूढ होती.

आता आपल्या मुलखाकडे वळू; आणि येथे आम्हांस जे सापडले ते अपेक्षेबाहेरचे होते. दख्खनच्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मालाची ने-आण बहुतांशी गाड्यांनी होतच नसे. वंजारी व लमाण यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ, कापूस नेत. ज्या थोड्या गाड्या होत्या त्या अवजड. त्यांची चाके भरीव, लाकडाची वा क्वचित दगडाची. मोठे दगड किंवा ओंडके ओढण्यास त्या कामी येत. इंग्रजी अमलात इंदापूर तालुक्याची नवी जमाबंदी गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ पासून हाती घेतली, त्या सुमारास म्हणजे १८३० ते १८४० या दशकात, लेफ्टनंट गेझफर्ड या अंमलदाराने टेंभुर्णी येथे सुधारलेल्या नमुन्याच्या गाड्या तयार करण्याचा कारखाना घातला. हलकी, आऱ्यांच्या चाकांची, कुणब्याच्या दोन बैलांस झेपणारी ही गाडी पुढे गावोगावच्या सुतारांनी उचलली. रस्ते झाले, १८६० साली लोहमार्ग सोलापुरास पोहोचला, आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसास सोन्याचा भाव आला. मग लादणीचे बैल मागे पडून गाडी घरोघर झाली.

टेंभुर्णी करकंबहून दूर नाही. ज्या वाटेने आम्ही छकडा पाहावयास गेलो, त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला तो कारखाना होता.

यावरून काय निघते, ते जपून सांगितले पाहिजे. बैल पळविण्याची हौस या भागात त्याहून जुनी असू शकेल. नांगरटीची, मोटेची, नुसत्या जोडीची चढाओढ गाडीवाचूनही होऊ शकते. सरदार-दरकदारांच्या घरी सुरतेसारखी एखादी हलकी गाडी असणेही अशक्य नाही. परंतु कुणब्याच्या घरची, आऱ्यांच्या चाकांची, लोखंडी धावेची हलकी गाडी, आणि तिच्यापासून निघालेला शर्यतीचा छकडा, ही या मुलखात सर्वसामान्य झाली ती १८३० नंतर. भरीव चाकांच्या अवजड गाडीने शर्यत लावता येत नाही, हे सांगण्यास इतिहाससंशोधकाची गरज नाही. कोणताही गाडीवान सांगेल. म्हणून ‘शिवकालीन छकडा’ हे पद आमच्या मते करकंबपुरते तरी सिद्ध होत नाही. जो कोणी उलट पुरावा आणील, त्याचे आम्ही आनंदाने स्वागत करू.

बैलाची गोष्ट गाडीहून निराळी. सोलापूर, सांगली, सातारा या टापूत नांदणारी खिल्लार जात ही म्हैसूरच्या हळ्ळीकार जातीपासून निघाली असावी, असे पशुतज्ज्ञांचे मत आहे. तिच्या आटपाडी महाल, म्हसवड, तापी व नकली अशा चार शाखा ते सांगतात. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप, आणि तो पाळणारा तो खिल्लारी. माणदेशाच्या कोरड्या माळावर वाढलेले हे जनावर काटक, तापट आणि पळण्यात तरबेज. छकड्याच्या धन्यांनी आम्हांस त्यांच्या घरी होऊन गेलेल्या बैलांची नावे एका दमात सांगितली. छकडा कोणी केला ते मात्र त्यांस आठवेना. यावरून आम्हांस वाटते, शर्यतीच्या इतिहासात वाहनाकडे लोकांनी कधी फार लक्ष दिलेच नाही. किंमत बैलाची, छकडा म्हणजे निमित्त.

या साऱ्या खटाटोपाचे आज प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनास बंदी असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यती १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या विरुद्ध ठरविल्या. परंपरेचा युक्तिवाद त्या वेळी टिकला नाही. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींस अंतरिम परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. या शेवटच्या निकालातील एक भाग इतिहासाभ्यासकांनी मुळातून वाचावा. एखादी प्रथा संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे की नाही, हे ठरविण्यास धार्मिक, सांस्कृतिक व सामाजिक अंगांनी सविस्तर चिकित्सा लागते आणि ती न्यायालयाने करावयाची नाही, विधिमंडळाचे म्हणणे मान्य करतो, अशा आशयाची भूमिका न्यायालयाने घेतली. याचा अर्थ चिकित्सा झाली असा नव्हे. ती बाकी आहे. आणि ती करण्याचे काम ज्यांचे, त्यांच्यात आपणही येतो.

या बाबतीत आमचे स्वतःचे मत लपविण्याचे कारण नाही. बैलास आर टोचून, शेपूट पिरगाळून पळविणे आम्हांस कधी पाहवले नाही. नंदिविशाल जातकातील बैल पैजेच्या वेळी मालकाने शिवी देताच जागचा हलला नाही, आणि गोड शब्दाने शंभर गाड्या ओढून गेला. तक्षशिलेच्या त्या बैलाचा न्याय आम्हांस योग्य वाटतो. तथापि शर्यत असावी की नसावी हा एक प्रश्न, आणि ती किती जुनी हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरासाठी दुसऱ्याचे उत्तर लांबविणे किंवा आखडणे हा लबाडीचा व्यवहार होय, मग तो शर्यतीच्या बाजूने केलेला असो की विरुद्ध. दोन्ही पक्षांच्या लेखनात आम्हांस तो आढळला आहे. एक पक्ष मुद्गलाचे सूक्त ध्वजासारखे फडकवितो. दुसरा ही चाल कालपरवाची म्हणून मोडीत काढतो. टेंभुर्णीचा कारखाना दोघांच्याही सोयीचा नाही.

ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत, त्यांस आमची विनंती इतकीच की रुमाल उघडाल तेव्हा केवळ सनदा व वतनपत्रे पाहून थांबू नये. सुताराच्या बलुत्याचे हिशेब, गाडी घडविल्याची मजुरी, बाभळीचे खोड विकत घेतल्याची नोंद, लोहारास धावेसाठी दिलेले लोखंड, यात्रेच्या जमाखर्चात बक्षिसाचे फेटे किंवा नारळ, असे जे काही दिसेल ते टिपून ठेवावे. मोडीतील ‘गाडा’, ‘छकडा’, ‘पट’ हे शब्द कोठे, कोणत्या शकात प्रथम येतात, एवढे जरी पाच-दहा दप्तरांतून हाती लागले तरी आमच्या वरील अनुमानाची परीक्षा होईल. विदर्भातील मंडळींनी ‘शंकरपट’ या शब्दाचा शोध घ्यावा. त्या नावात शंकर कोठून आला, याचा उलगडा होणे अगत्याचे आहे. आणि गोठ्यांतून असे छकडे अजून टांगलेले असतील, त्यांची छायाचित्रे व मापे घ्यावीत. सरपणाच्या भावाने ते जाण्यास वेळ लागत नाही. करकंबच्याच ज्या छकड्याविषयी आम्ही लिहीत आहो, त्याचा जोडीदार दुसरा एक छकडा मागच्या दुष्काळात चुलीत गेला, असे घरच्या बाईंनी सांगितले.

धन्यांकडे आम्ही महिन्याभराने पुन्हा गेलो आणि जे समजले ते समजावून सांगितले. ते थोडे हिरमुसले. मग त्यांनी विचारले, “टेंबुर्णीच्या कारखान्यातलाच असंल का वो ह्यो, गुरुजी?” तसे म्हणण्यासही आधार नाही, असे आम्ही म्हणालो, गावच्या सुताराने त्या नमुन्यावर पुढे केव्हातरी केला असावा. त्यांनी कागद पुढे केला. आम्ही लिहून दिले: चाके व आस जुनी, बाभळीची, हाताने घडविलेली, धाव लोहारकामाची, साटी व बोल्ट नंतरचे, जू निराळ्या काळाचे, काळ १८३० नंतरचा, नेमका अनिश्चित. त्याखाली सही व तारीख घातली. कागदाची घडी त्यांनी बैलांच्या घुंगरमाळा ठेवण्याच्या पेटीत ठेवली, आणि छकडा पुन्हा आढ्याला चढविला.